जानरावांचे डोळे

"बाबाचे डोये उघडून द्या, भाऊ," वासुदेव म्हणाला आणि त्यानं फोटो काउंटरवर ठेवला.

फोटो मीच काढलेला होता, आठवडाभरापूर्वी. त्याच्या वडिलांचा, म्हणजे जानरावांच्या देहाचा. जुन्या शहराच्या टोकाला, मोर्णेच्या काठी त्यांची फुलांची आणि भाजीची वाडी होती. सकाळी पाणी देता देता बसले ते उठलेच नाहीत. मला घाईनं बोलावणं आलं. खुर्चीत बसवून, पागोटं बांधून, मागून दोघांनी धरून काढलेला हा फोटो. त्या काळी ही रीतच होती. जिवंतपणी ज्यानं कधी फोटो काढून घेतला नाही, त्याचा निदान असा तरी एक घरात असावा. आता तेरवीला पाच दिवस उरले होते. घरच्यांना हार घालायला झोपलेला नव्हे, बघणारा माणूस हवा होता.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. अकोल्यात तेव्हा स्टुडिओ मोजके, आणि 'डोळे उघडण्या'साठी माझं नाव होतं. काम असं असतं: फोटो मोठा करून घ्यायचा, मिटलेल्या पापण्या घासून फिक्या करायच्या आणि त्या जागी बारीक ब्रशनं नवे डोळे रंगवायचे. याला आम्ही रिटचिंग म्हणतो. मी तीन तऱ्हेचे डोळे एका वहीत घोटून ठेवले होते. एक शेटजीचे, एक मास्तरचे, एक शेतकऱ्याचे. माणूस पाहून त्यातले लावून द्यायचे. लोक डोळे पुसत फोटो घेऊन जात आणि मी कॉलर ताठ करून बसे.

जानरावांना मी शेतकऱ्याचे लावले. दोन दिवसांत काम तयार. स्वतः घेऊन गेलो, कारण कौतुक ऐकायची हौस होती.

बायजाबाई, म्हणजे जानरावांची बायको, ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला, पुन्हा खाली घेतला.

"हा कोन व्हय?" त्या म्हणाल्या.

रागानं नाही, खरंच विचारलं. आजवर मला कोणी असं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बाई, तुम्ही सांगा कसे होते, मी तसे करतो. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना सांगता येईना. चाळीस वर्षं संसार केलेली बाई. मोठे? तसे मोठे नाही. बारीक? बारीक कसे म्हणावे. मग त्या रडायला लागल्या. नवरा गेल्याचं रडून झालं होतं, हे वेगळंच होतं. "मले आठवून नाही रायलं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "आताच आठवत नाही, तं पुढं काय राहीन माह्याजवळ?"

मी त्यांना शब्द देऊन बसलो. तेरवीच्या दिवशी जानराव तुमच्याकडे बघतील म्हणालो. तोंडाला येईल ते बोलायची सवय मला होतीच.

तीन दिवस हातात. मी जुन्या शहरात चौकशीला निघालो. न्हावी म्हणाला, घारे होते. किराणावाला म्हणाला, छे, काळेभोर. शेजारचा म्हणाला, एक डोळा जरा लहान होता, पण कोणता ते विचारू नका. डोळ्यांवर दोघांचं एकमत होईना. पण प्रत्येकजण दुसरंच काही सांगायला लागे. जानराव लग्नाघरी हार, गजरे पोचवायला जात आणि तिथंच राहत. बोलावलेले असोत की नसोत. पाणी भर, पत्रावळी मांड, भाजीची बादली उचल. न्हावी म्हणाला, "माह्या पोरीच्या लग्नात वरन कमी पडलं होतं. जानरावभाऊ कुठून घेऊन आले, मले आजही मालूम नाही." किराणावाल्याच्या म्हाताऱ्या आईला पंगतीत हातानं जेवता येत नव्हतं, तर यांनी बाजूला बसून भरवलं होतं. सगळ्यांना हात आठवत होते, बादली आठवत होती. तोंडाकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

आणि मी? मी तर तोंडंच बघायचा धंदा करणारा. वीस वर्षं त्याच लग्नांत माझा कॅमेरा लागत होता. डोळे मिटून आठवून पाहिलं. काही नाही. लाज वाटली, खरं सांगतो.

घरी येऊन वैतागलो. बायको भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "लोकाईले काय विचारत फिरून रायले? तुमच्या प्लेटाईत पाहा ना. ते कोन्या लग्नात नव्हते?"

मी भाकरी अर्धी टाकून उठलो.

तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर यायचा. प्लेट म्हणजे निगेटिव्ह, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. छापून झालं तरी प्लेटा मी फेकत नसे, खोक्यांत भरून माळ्यावर ठेवत असे. सगळी खोकी खाली घेतली. खिडकीपाशी बसलो आणि एकेक प्लेट उजेडाला धरू लागलो. ग्रुपफोटो, मांडवातला. नवरानवरी, वऱ्हाडी, रांगेत पोरंबाळं. आणि कडेला एक पुसट पट्टा.

आधी वाटलं डाग आहे. दुसऱ्या प्लेटवर तसाच. तिसऱ्या लग्नात तसाच. मग डोक्यात उजेड पडला. मांडवात प्रकाश कमी, म्हणून लेन्सचं झाकण काढून एक-दोन सेकंद थांबावं लागे. सगळे श्वास रोखून उभे राहत. त्या दोन सेकंदांत जो हलेल तो पुसट येतो. आणि सगळा मांडव थांबलेला असताना एकच माणूस बादली घेऊन चाललेला असे. जानराव! माझ्या हातात जानरावच जानराव होते आणि एकालाही तोंड नव्हतं.

मी वेड्यासारखा प्लेटा काढत सुटलो. बायको शेजारी येऊन बसली, तीही बघू लागली. दोघांचे हात धुळीनं माखले. दुपार कलायला लागली तेव्हा एक प्लेट मी उजेडाला धरली ती खाली घेतलीच नाही.

डाव्या कडेला, ग्रुपपासून चार हात दूर, एक माणूस पांढरी चादर ताणून उभा. सावलीत चेहरे काळे पडू नयेत म्हणून मांडवाच्या तोंडाशी चादर धरून बाहेरचं ऊन आत वळवायचं, ही आमची युक्ती. नेहमीचा माणूस त्या दिवशी आला नव्हता आणि मी दिसेल त्याला पकडलं होतं. "हलू नका," असं त्याला दरडावलंही असेन. तो हलला नव्हता. पागोटं, मिशी, डोळे, सगळं लख्ख!

मी ओरडलोच. बायकोनं प्लेट माझ्या हातातून आधी काढून घेतली, फुटेल म्हणून.

मग छापलेल्या फोटोंची वही काढली. त्यात हा माणूस नाही. छापताना मी प्लेटवर काळ्या कागदाची चौकट ठेवतो, नको असलेली कड झाकायला. ती चौकट मीच ठेवली होती. जानरावांना फोटोतून मीच कापलं होतं. आनंद आणि शरम एकदम आली तर माणसानं काय करावं ते मला कळेना. मी हसत होतो आणि बायको म्हणाली, डोळे पुसा.

चेहरा चिंचोक्याएवढा. एवढा चेहरा चांगला मोठा करील असं यंत्र माझ्याकडे नव्हतं, ते अमरावतीला, ज्यांनी मला धंदा शिकवला त्या मास्तरांकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरली. प्लेट धोतरात गुंडाळून मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ती मी पोटाशी धरी. मूर्तिजापूरला एक बाई म्हणाली, लेकरू झोपलं असन तं खाली ठेवा ना.

मास्तर डार्करूममध्ये घेऊन गेले. कागद औषधात टाकला. लाल दिव्याखाली आधी पागोटं आलं, मग मिशी, मग डोळे. घारे नव्हते, काळेभोर नव्हते, दोन्ही सारखेच होते. साधे डोळे. कोपऱ्यांत बारीक सुरकुत्या, हसू येण्याच्या बेतात. आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही, उजवीकडे कुठंतरी.

"नजर तिरपी हाय," मास्तर म्हणाले. "हाराचा फोटू समोर पाहनारा पाह्यजे. बुबुळं इकडं सरकवून देतो, दोन मिनिटाचं काम."

त्यांनी ब्रश उचलला. मी त्यांचा हात धरला. ज्यांच्याकडे सहा वर्षं भांडी धुतली, त्यांचा.

"राहू द्या मास्तर," मी म्हटलं. "यायले आता कोनी हात लावाचा नाही."

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

तेरवीच्या सकाळी मी जुन्या शहरात पोचलो तेव्हा वाडीत चूल पेटली होती. अंगण माणसांनी भरलं होतं. न्हावी, किराणावाला, सगळे आलेले. मी बायजाबाईंच्या हातात काच लावलेला फोटो दिला. या वेळी कौतुक ऐकायची हौस नव्हती, फक्त पुन्हा तो प्रश्न येऊ नये एवढंच वाटत होतं.

त्यांनी तो उजेडाकडे धरला. मग बोट काचेवर, नजर जिकडे वळली होती तिकडे सरकवत म्हणाल्या, "तिकडं पंगत बसेल हाय."

मी प्लेट कुठल्या लग्नाची, काय, काही सांगितलं नव्हतं. चौकटीच्या बाहेर उजव्या हाताला पंगत होती खरी, हे मलाही आत्ता त्या बोलल्यावर आठवलं.

जानरावांचा थोरला भाऊ कुरकुरला. फोटोतला माणूस समोर बघणारा असावा, असं तिरकं बघणं बरं दिसत नाही. भिंतीशी मांडलेला पाट बायजाबाईंनी उचलला, नजर पंगतीच्या जागेवर पडेल असा अंगणाच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवला आणि त्यावर फोटो टेकवला. मग वासुदेवला म्हणाल्या, "बसव आता लोकाईले. बाबाचं ध्यान हाय."

पंगत बसली. त्या दिवशी मी पहिल्यांदा भाजीची बादली उचलली. पहिल्या फेरीतच एकाच्या धोतरावर सांडली, तो भाग वेगळा.

धंद्यात त्यानंतर तीस वर्षं झाली. त्या तीन तऱ्हेच्या डोळ्यांची वही मी चुलीत घातली. ज्याचे खरे डोळे सापडत नाहीत, त्याचे मिटलेलेच राहू द्या म्हणून सांगायला लागलो, आणि गिऱ्हाईकं थोडी तुटली. ग्रुपफोटो मात्र कडेपर्यंत छापतो. लोक येतात, बोट ठेवतात, हा कडेचा मधेच कोण आला, याला कापा. मी म्हणतो, कापतो, पण आधी घरी जाऊन तो कोण ते विचारून या. विचारून आल्यावर कापायला सांगणारा मला अजून भेटलेला नाही.