साडभाऊची कंबर

माझ्या साडभाऊइतका कंबरेचा अभिमान असलेला माणूस अख्ख्या खानदेशात झाला नाही आणि होऊही नये. लोक पोरांबद्दल बोलतात, बैलांबद्दल बोलतात; हा फक्त कंबरेबद्दल. "तब्येत कशी?" विचारलं की विचारणाऱ्याचा पाऊण तास गेलाच.

धुळ्याच्या डॉक्टरने त्याला सांगितलं, दोन मणक्यांच्या मधे नस दबली आहे, मुंबईला जाऊन पाठ कापून ती मोकळी करून घ्या, नाहीतर एक दिवस पाय उचलणार नाही. सुरीचं नाव निघताच हा गडी पांढराफटक. "दबेल शे ना? मंग ताणू, कापू कसाले?" म्हणाला, आणि कळसाडीच्या मळ्यात निंबाच्या फांदीला दोर बांधून काखेतून लटकू लागला. पायांना कापूस तोलायची वजनं. रोज सकाळी अर्धा तास. उतरला की चौकटीला पाठ लावून उंची मोजायचा. एकदा दोन बोटं वाढलो म्हणून लांब कोट शिवून आणला. संध्याकाळी अंग परत बसलं, तर शिंप्याशीच भांडून आला. पोरीला बघायला पाहुणे आले तेव्हाही हा फांदीलाच. मला वाटलं, मोडली सोयरीक. हा वरून म्हणतो, "बठा पाव्हना, बठा! मी उतरस आते." नवऱ्या मुलाचा बाप मान वर करून बराच वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "मन्ही बी कंबर धरेल शे. माले बी टांगा ना." लग्न तिथंच ठरलं.

पण झाडावर त्याचा भरवसा निम्माच. निम्मा माझ्या बायकोवर. ती पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आलेले. अशा माणसाच्या लाथेने कंबर सुटते असं आमच्याकडे मानतात. हा दर अमावस्येला आमच्या ओट्यावर पालथा पडायचा. मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणून ती आधी पाया पडायची, "माफी करा दाजी" म्हणायची, आणि मग अशी हाणायची की अंगणातल्या कोंबड्या उडायच्या. त्या दिवशी भाकर करपली असली तर जरा जास्तच. हा कण्हत उठायचा, "मोकळा व्हयनू!" म्हणायचा, आणि तिच्या हातचा चहा पिऊन चालता व्हायचा.

ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी गेली. त्यानंतर दोन अमावस्या हा आलाच नाही. एकट्या झाडाने भागेना, पाय ओढू लागला. परवा भर दुपारी काठी टेकत आला. "सकाळनी गाडीमा मुंबईले जाई ऱ्हायनू. कापू दे डाक्टरले." एवढं बोलला आणि ओट्यावर त्याच जागी पालथा पडला.

मी म्हटलं, "साडभाऊ, ती नही शे आते."

"माले ठाऊक शे. तू मार."

"मी कुठला पायाळू?"

"मार रे. तुले बी बरं वाटी."

मी त्याच्या पाया पडलो. पाय उचलला आणि कसाबसा कंबरेवर टेकवला.  तो हातावरचं तोंड न उचलता म्हणाला, "ती असं नही मारे."

तेव्हा हाणली. कोंबड्या उडाल्या. चहा मला येत नाही, तरी केला. त्यानेही नाव न ठेवता प्यायला.