बावीस पोपट्या, एक होडी

माझा मुलगा एकनाथ मस्कतमध्ये फार मोठा माणूस आहे. रुसेलच्या कारखान्यात तो फोर्कलिफ्ट दुरुस्त करतो, तिथे त्याला कोणी मोठा म्हणत नाही ती गोष्ट वेगळी. पण डिसेंबर आला, शाळांना सुट्टी लागली, की अल हैलपासून घुब्रापर्यंतची आपली माणसं त्याला फोन करायला लागतात. तळ्याच्या गावी जाऊन पोपटी लावणं एकनाथशिवाय कोणाला जमत नाही, असं सगळे म्हणतात. सगळ्यांना तसं म्हणायला एकनाथनेच शिकवलंय.

त्या गावाचं नाव चौथी शिकलेल्या माझ्या जिभेला वळत नाही. चहूकडे उघडेबोडके डोंगर, मध्ये धरणाचं निळंशार तळं, काठाला खजुराची झाडं आणि पन्नासेक घरं. सुट्टीत तिथे ही गर्दी लोटते. अरबी कुटुंबं गालिचे अंथरून कहवा पीत पाण्याकडे बघत बसतात. आपली माणसं पाण्याकडे पाठ करून कांदे चिरतात.

पोपटी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या रायगडात थंडीत शेतावर मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी भरतात, भांबुर्ड्याचा पाला घालतात, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. तासाभराचं काम. एकनाथ त्याला सकाळी आठ ते संध्याकाळी पाच लावतो.

यंदा मी गावाहून त्याच्याकडे गेले, तर जाताना अडीच किलो सुकवलेला पाला माझ्याच पेटीत होता. एकनाथने फोनवर तीनदा बजावलं होतं. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या घेतल्यास का, हे एकदाही विचारलं नाही. विमानतळावरच्या साहेबाने पेटी उघडली, वास घेतला, दोनदा शिंकला आणि हाताने जा म्हणाला.

माझी सून विद्या हिची मात्र एकच मागणी होती, आणि तीही बावीस वर्षं जुनी. त्या तळ्यात पायांनी चालवायच्या होड्या असतात, पांढऱ्या बदकासारख्या. जोडीने बसायचं आणि सायकलसारखं पायडल मारायचं. लग्न होऊन आली त्या पहिल्या डिसेंबरात ती म्हणाली होती, आपण एकदा बसू या. एकनाथ म्हणाला, पोपटी लागली की जाऊ. होड्या चार वाजता बंद होतात. पोपटी पाचला उघडते. असं बावीस वर्षं चाललंय. दर वर्षी तो मनापासून हळहळतो, की अरेरे, आजही उशीर झाला.

आता येत्या मार्चमध्ये त्याच्या नोकरीची मुदत संपतेय. नात आकांक्षाची बारावीची परीक्षा झाली की बाडबिस्तरा गुंडाळून सगळे गावी. म्हणजे तळ्याची ही शेवटची सुट्टी.

पोपटीचं खरं कारण काय, ते मला ठाऊक आहे. एकनाथ आठ वर्षांचा असताना खाडी ओलांडताना तरीच्या होडीतून पडला. त्याच्या बापाने केसांना धरून वर काढला. तेव्हापासून हा समुद्राकाठचा माणूस वाघाला भ्यावं तसा पाण्याला भितो. अल हैलच्या घरापासून समुद्र दहा मिनिटांवर आहे. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला जातो आणि चपला कोरड्या घेऊन येतो. बायकोला हे कधी सांगितलं नाही. पुरुषमाणसाने असं सांगायचं नसतं म्हणे. त्यापेक्षा बावीस वर्षं मडकं जाळणं सोपं.

तर त्या शुक्रवारी आम्ही सहा गाड्या भरून गेलो. तळ्याकाठच्या बागेत जाळ करायला मनाई आहे, म्हणून काठापासून जरा लांब, कोरड्या ओढ्याच्या गोट्यांवर मुक्काम पडला. एकनाथने कमरेला हात लावून वारा कुठून येतोय ते पाहिलं. मग मत्रहच्या बाजारातून आणलेलं मडकं टिचकी मारून पाहिलं. मग खजुराच्या झावळ्या उंचीप्रमाणे लावून घेतल्या. हे सगळं झाल्यावर तो दमून खुर्चीत बसला. विद्या तोवर शेंगा निवडत होती.

बाराच्या सुमाराला तिने हात पुसले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, मी होडीकडे जातेय. यायचं असेल तर या."

"अगं, पोपटी लागली की जाऊ ना."

"बावीस वर्षं लागतेय ती," विद्या म्हणाली आणि चालू लागली.

आवाज चढवला नाही, काही नाही. आकांक्षा तिच्या मागे धावली आणि थोड्या वेळाने परत येऊन मला सांगून गेली. होडीवाला हसन म्हणून एक म्हातारा ओमानी आहे, त्याने आईला एकटीला सोडलं नाही. दोघं लागतात म्हणाला, नाहीतर होडी जागच्या जागी फिरत राहते. आकांक्षा म्हणाली मी बसते, तर आई नको म्हणाली. हसनकडून बुडू नये म्हणून घालायची ती नारिंगी जाकिटं घेतली, दोन, आणि मांडीवर ठेवून काठावर बसून राहिली.

इकडे एकनाथला वाटलं, येईल दहा मिनिटांत. दहाची वीस झाली. भोवतीच्या पुरुषमंडळींनी घड्याळं बघायला सुरुवात केली. पोटात कावळे ओरडायला लागले की मैत्री पातळ होते. शेवटी एकनाथ म्हणाला, त्यात काय, मीच भरतो मडकं.

आणि तेव्हा सगळ्यांना एक नवीनच गोष्ट कळली. बावीस वर्षं पोपटी लावणाऱ्या या माणसाने आजवर एकदाही मडकं भरलं नव्हतं. फक्त पेटवलं होतं. शेंगा आधी की अंडी आधी, कोंबडी कुठल्या थरात, मीठ-ओवा कधी, याचा त्याला पत्ता नाही. पण त्याने तोंडावर तसं दिसू दिलं नाही. म्हसळ्याचा मुस्तफा त्याच्या शेजारी राहतो, तो बिचारा म्हणाला, एकनाथभाई, भाभींना विचारून येऊ का? एकनाथने त्याच्याकडे असं बघितलं की मुस्तफा गप्प झावळ्या मोजायला लागला.

एकनाथने हाताला येईल ते मडक्यात कोंबलं. वर हलवून पाहिलं. मग दोन्ही हातांनी मडकं उचललं आणि रुबाबात उपडं केलं.

तोंडाशी पाला दाबून बसवायचा असतो, तो याने बसवलाच नव्हता. शेंगा, अंडी, बटाटे सगळं धबधब्यासारखं खाली आलं. एक अंडं गोट्यांवरून घरंगळत घुब्र्याच्या मंडळींच्या पायाशी जाऊन थांबलं. कोणी हसलं नाही. हसण्यापलीकडची भूक लागली होती सगळ्यांना. मुस्तफाची बायको खुदेजा तेवढी ओढणी तोंडाला लावून डोंगराकडे वळली, तिचे खांदे हलत होते.

मी माझ्या खुर्चीतून उठले. गुडघे करकरले. म्हटलं, सर बाजूला, मडकं मी भरते, तू काठावर जा.

"आई, तुला एवढा जाळ सांभाळायचा नाही."

ज्या बाईने याला पोपटी खायला शिकवली तिला हा सांगतोय. मी त्याच्या अगदी जवळ गेले, म्हणजे चारचौघांत त्याची शोभा नको, आणि हळूच म्हणाले, "एकनाथ, तुला कशाची भीती वाटते ते मला ठाऊक आहे. आणि तिला ठाऊक नाही असं तुला वाटत असेल तर तू माझ्यापेक्षाही अडाणी आहेस."

तो पायांकडे बघत उभा राहिला. पंचावन्न वर्षांचा घोडा, पण त्या क्षणी केसांतून खाडीचं पाणी निथळत असल्यासारखा दिसला मला. मग हाताची माती पॅन्टला पुसली आणि निघाला. मी आकांक्षाला खूण केली, जा मागोमाग.

खुदेजा आणि मी शेंगा गोळा करायला बसलो. पुरुषमंडळींपैकी ज्यांना बसून सूचना द्यायच्या होत्या त्यांना मी शेंगा धुवायला पाठवलं. तेवढ्यात नात धापा टाकत आली. तिचं मराठी इंग्रजीच्या टेकूने चालतं, पण त्या दिवशी धडाधड बोलत होती.

"आजी, बाबांनी सगळं सांगितलं आईला. डायरेक्ट. म्हणाले, मला पाण्याची भीती वाटते, म्हणून मी एवढी वर्षं येत नव्हतो."

"मग ती काय म्हणाली?"

"आई म्हणाली, ते मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं होतं. तुम्ही कधी सांगताय तेवढीच वाट बघत होते. हे जाकीट घाला."

खुदेजाच्या हातातली शेंग हातातच राहिली. माझ्याही डोळ्यांत धूर गेला, आणि जाळ अजून पेटवायचा होता.

आम्ही मडकं भरलं, तोंडाशी पाला ठासला, उपडं घातलं, पेटवलं. मग खुर्ची तळ्याकडे वळवून बसले. मधल्या पाण्यावर एक पांढरं बदक गरागरा जागच्या जागी फिरत होतं. म्हणजे एकच जण पायडल मारत होता, आणि दुसऱ्याने पाय वर घेतले होते. कोणी ते सांगायची गरज नाही. खूप वेळ तसंच फिरत राहिलं. मुस्तफा म्हणाला, मावशी, फोन करू का त्यांना? मी म्हटलं, फोन करणाऱ्याला शेंगा मिळणार नाहीत.

मग हळूच बदकाचं तोंड सरळ झालं आणि ते पलीकडच्या डोंगराच्या सावलीकडे जायला लागलं. वाकडंतिकडं, पण जायला लागलं.

पोपटी दोन वाजता उघडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा माणसांनी ती दुपारी खाल्ली. दोघं आले तेव्हा आमचं अर्धं जेवण झालं होतं. एकनाथचा चेहरा पांढराफटक आणि बोटं अशी आखडलेली की शेंग सोलता येईना. विद्या त्याच्या शेजारी बसून दाणे काढून त्याच्या ताटात टाकत होती. पाण्यात काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पण चेष्टा करायला तोंड उघडणाऱ्या एकदोघांना तिने नुसत्या नजरेने खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होते तर एकनाथ गॅलरीत फोनवर कोणाला तरी समजावत होता. होडीत बसायची एक पद्धत असते, उगाच घाई करायची नाही, तोल कमरेतून सांभाळायचा, नवीन माणूस इथेच चुकतो. एका होडीच्या अनुभवावर हा कप्तान झाला होता.

विद्या आतून म्हणाली, "मग पुढच्या शुक्रवारी परत जाऊ या. पलीकडच्या काठाला लागलोच नाही आपण."

गॅलरीत फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करत होता. मग एकनाथने दारातून मान आत घातली आणि विचारलं, "सकाळी किती वाजता उघडतो तो हसन?"