भाऊजींच्या कुत्र्याचे दात

अकोल्याच्या माझ्या भाऊजींनी, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने, लॅब्रॅडॉर पाळला तो रस्त्यावरच्या लोकांना फाटकातून दिसावा म्हणून. त्याच्या गळ्यात चांदीची घुंगरं होती, वाढदिवसाला केक असायचा. तोंडात मात्र कधी कुणी डोकावलं नाही. पहिल्या लशीच्या वेळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की लहानपणापासून दात घासायची सवय लावा, कुत्र्यांची पेस्ट वेगळी मिळते, आपली वापरू नका. भाऊजींनी तो विनोद समजून येईल त्या पाहुण्याला ऐकवला.

मी अमरावतीला राजापेठेत राहते. माझ्या मांजरीचे दात मी घासते हे कळल्यावर तर त्यांना चेवच आला. "मेळघाटातला वाघ मंजन करते काय वं?"

"वाघ चहात टोस्ट बुडवून खाते काय, भाऊजी?" मी विचारलं. उत्तर म्हणून त्यांनी कुत्र्याला आणखी एक टोस्ट दिला. अकलेची धाव तेवढीच.

पुढे कुत्र्याच्या तोंडाला घाण वास यायला लागला. भाऊजींनी हॉलमध्ये मारायला सुगंधी फवारा आणला. मग डोळ्याखाली गाल सुजला. गांधीलमाशी चावली असं ठरवून त्यांनी हळदीचा लेप लावला. कुत्रा घास तोंडात घेऊन खाली टाकू लागला, तेव्हा बहिणीचा फोन आला. "तू ये. यायले कायी समजूनच नाही राहिलं."

मी एसटीने गेले. आम्ही दोघींनी त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ओठ वर केला. दातांवर दगडासारखा पिवळट थर, हिरड्यांतून रक्त, आणि वरची मोठी दाढ मुळापर्यंत सडलेली. गालाची सूज तिचीच. भूल देऊन ती काढावी लागली. भाऊजी मागून आले आणि बाहेरच्या बाकावर बसून लोकांना सांगू लागले की विकणाऱ्याने फसवलं, जातच कच्ची निघाली.

शुद्धीवर आल्यावर कुत्र्याने बहिणीच्या मांडीवर डोकं टेकलं. ब्रश कसा धरायचा ते तिने डॉक्टरांकडून नीट शिकून घेतलं. आता ती रोज सकाळी अंगणात बसून त्याचे दात घासते, आणि तो मुकाट्याने घासू देतो.

परवा दर्यापूरला एका लग्नात भाऊजी कुणाला तरी सांगत होते, "कुत्र्याचे दात रोज घासा लागते. मी तं पयल्यापासून घासून राहिलो."

बहीण शेजारीच जेवत होती. तिने मान वर केली नाही. मी माझं ताट उचललं आणि दुसरीकडे जाऊन बसले.