शील्डीवरचा शेवटचा हात

रेझिनचा वास कपड्यांतून जातो, पण त्याचे किस्से आमच्या घरातून जात नाहीत. पाहुणा आला की कोणीतरी सुरू करतं, आणि मी दाराआड उभी राहून पुढचं वाक्य मनात म्हणते.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. त्यांचे थोरले भाऊ म्हणजे मोठे बाबा. भंडाऱ्यात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. तिथलं काम सोडून भाऊंनी घरच्या पडवीत रेझिनच्या, म्हणजे साच्यात घट्ट होणाऱ्या पातळ रसायनाच्या, काळ्या शील्डी ओतायला घेतल्या. आमच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले होते, "नमुना चकचकीत असला तर गॅदरिंगच्या बक्षिसाच्या शील्डी तुमच्याकडून. नाहीतर नागपूरहून." नमुना नापास झाला असता तर भाऊंना परत दुकानात बसावं लागलं असतं.

*

मोठ्या बाबांची एक रीत आहे. घासून आलेल्या लोट्यात पाहून ते टोपी सरळ करतात. चेहरा नीट दिसला नाही तर लोटा कारागिराकडे परत.

आमची पहिली शील्ड पाहून म्हणाले, "यात तं मी हाय का नाही, तेच मले समजून नाही राहिलं."

*

भाऊंनी ती शील्ड दुकानातल्या पितळ घासायच्या चाकावर धरली, पितळासारखीच दाबून. रेझिन तापलं, मऊ पडलं आणि वर थिजलेल्या तुपासारखा धुरकट थर आला.

मोठे बाबा गादीवरून भाऊंना म्हणाले, "गणपत, चमकवून राहिला का भाजून राहिला?"

*

मग कळलं, साचा जसा गुळगुळीत तसा माल. भाऊंनी लाकडी नमुन्यावर पॉलिशचे हात चढवले आणि त्यावरून रबराचा साचा घेतला. मधेच आईने पॉलिश वाळलं का ते अंगठ्याने पाहिलं होतं, तो ठसा साच्यात उतरला. प्रत्येक शील्डीवर आईचा अंगठा!

"आता साऱ्या जिल्ह्यात तुझा अंगठा," भाऊ म्हणाले.

"मले सही येते," आई म्हणाली. "अंगठा काहून लावता?"

*

साचा नवा केला, तरी शेवटी हाताने घासावं लागतंच. पाण्यात बुडवून बारीक, मग आणखी बारीक पॉलिशपेपर. त्यानंतर मलमलीवर खोबरेल आणि दातांची पांढरी पावडर. ते काम माझं. शील्ड उजेडात तिरपी धरते. ओरखडा दिसला की परत पाणी. भाऊ घाई करतात तेव्हा आई म्हणते, "तिले इचारा. ती हो म्हणंल तवा झालं." मी लवकर हो म्हणत नाही.

एका सकाळी पावडरचा डबा रिकामा. आई म्हणाली, "शील्डीचे दात घासून झाले. आता आपले कोळशानं घासा."

*

हेडमास्तरांनी नमुना पास केला, ते सगळेच सांगतात. मला आदल्या दुपारचं आठवतं.

मोठे बाबा आले. शील्ड पाटावर होती. कोणी दाखवली नाही, त्यांनीच उचलली. खिडकीकडे फिरवली, नख लावून पाहिलं.

"गणपत, शेवटचा हात कोणाचा?"

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. पावडर लागलेली बोटं मी पाठीमागे लपवली.

एका हाताने शील्ड समोर धरून मोठ्या बाबांनी दुसऱ्या हाताने टोपी सरळ केली.