टाचणीबाईनं कॉम्प्युटर शिवला

गल्लीच्या टोकाला जी बाई कपडे शिवायची ना, तिला सगळे टाचणीबाई म्हणायचे. ओठांत सदानकदा चार टाचण्या धरलेल्या, तशीच भांडायचीसुद्धा, पण एक टाचणी खाली पडेल तर शपथ!

तर काय झालं, गणवेशाच्या कारखान्यातून तिला निरोप आला. बाई, तुमचं कटिंग आवडलं, वर्षभराचं काम देतो. पण कपडा बेतायचे कागदी साचे नकोत, कॉम्प्युटरवर काढून सोमवारी पाठवा. नाहीतर दुसरी बाई बघतो.

झालं! वीस वर्षं जमिनीवर रांगून रांगून साचे कापले, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि आता वर्षभराचं काम दारात येऊन उभं! बाई धावत दुकानात गेली, तयार कॉम्प्युटरची किंमत ऐकली आणि आल्या पावली परत. नवऱ्याला म्हणाली, "तयार कपडा महागच असतो. आपण घरी शिवू या."

"काय शिवू या?" नवरा बस चालवायचा. कशाला म्हणून घाबरायचा नाही, एक बायकोच्या कल्पना सोडल्या तर.

"कॉम्प्युटर हो!"

मग फोनवर व्हिडिओ बघबघून बाईनं सामान जमवलं. डबा जुन्या बाजारातला, एका अंगाला पोचा आलेला. पडदा, म्हणजे स्क्रीन, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला. मदरबोर्ड मात्र कोरा करकरीत. म्हणाली, "अस्तर हलकं चालेल, कापड हलकं नको."

रविवारी सकाळी शिवायच्या टेबलावर सगळा पसारा मांडला. स्क्रू कुठे, तर ओठांत!

"अगं, गिळशील!" नवरा ओरडला.

तेवढ्यात नणंद आली, मुद्दाम मजा बघायला. "वहिनी, याला काजं कुठे करणार गं?"

"आधी तुमच्या तोंडाला करते वन्सं, बटणासकट!"

दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं. बाईनं बटण दाबलं. आतला पंखा भिरभिर फिरायला लागला, नवऱ्यानं टाळ्या पिटल्या, पण पडदा आपला काळा ठिक्कर. बंद केला, चालू केला. काळाच! वायरी काढल्या, परत लावल्या. तरी काळाच! बाईचा चेहरा एवढासा झाला. उद्या सोमवार. वर्षभराचं काम चाललं हातचं.

नणंदेलाही मग वाईट वाटलं. काहीतरी करायचं म्हणून तिनं प्लग काढला आणि फडक्यानं आत धूळ पुसायला लागली. "वहिनी, ही पट्टी हलतेय की गं." ती मेमरीची पट्टी होती.

"हलणारच. कच्ची घातलीय ना..." बाई बोलली आणि तोंड उघडं ते उघडंच. ओठांतले झाकणाचे स्क्रू टपाटपा खाली! जन्मात पहिल्यांदा!

अगं, शिवणाऱ्या बाईचा हात तो! आधी कच्चा धावदोरा, अंगावर घालून बघायचं, मग पक्की शिलाई. वीस वर्षांची सवय. बाईनं पट्टी नुसती टेकवून ठेवली होती, कपडा उसवायला सोपा जावा तशी!

तिनं दोन अंगठे ठेवले, डोळे मिटले आणि दाबलं. कट्‌! नवरा दचकून म्हणाला, "मोडली!"

"मोडली नाही हो, बसली!"

प्लग लावला, बटण दाबलं आणि पडद्यावर ही पांढरी अक्षरं! बाईनं नणंदेला मिठी मारली, नणंदेनं भावाला, आणि तिघंही चिंध्यांत गोल गोल नाचायला लागली. खिडकीतून बघणाऱ्यांना वाटलं, यांच्या घरात उंदीर शिरला.

मग साचे काढायचा प्रोग्राम आत भरला, व्हिडिओ बघबघून रात्रभर साचे काढले, आणि सोमवारी ते गेले. दुपारी कारखान्याचं उत्तर आलं, "साचे मिळाले. उद्यापासून काम सुरू करा."

बाईनं ते मोठ्यानं वाचलं. परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागली तसा नवरा म्हणाला, "अगं, कळलं!"

"तुम्हाला कळलं हो," बाई म्हणाली, "मला अजून कळतंय!"