जेवणात न धरलेला चीक

बायकोच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. चहा ओतताना अर्धा बशीत जायचा. ओट्याची पायरी ती पायाने चाचपून उतरायची. नंदुरबारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिची साखर तपासून घेतली आणि ऑपरेशन पुढे ढकलले. "आधी ही आटोक्यात आणा, मग तारीख देतो," म्हणाले.

घरी साखर मोजायचे यंत्र आणले. भाकरीचे पीठ मी तोलून देऊ लागलो. चहा बिनसाखरेचा, केळी बंद. सकाळची उपाशीपोटीची साखर ठीक यायची. न्याहारीनंतर दोन तासांनी मोजली, की एखाद्या दिवशी एकशे साठ आणि एखाद्या दिवशी पार दोनशे ऐंशी. भाकरी तेवढीच, भाजीही तशीच. मला यंत्राचा संशय आला. स्वतःचे बोट टोचून पाहिले, माझा आकडा ठीकच आला. पट्ट्यांची मुदतही संपलेली नव्हती. मग हा फरक येतो कुठून, ते काही कळेना.

शेवटी आम्ही दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. शहाद्याकडची तरुण मुलगी. काय खावे आणि काय खाऊ नये, असा छापील कागद हातात पडेल अशी माझी समजूत होती. तिने मी सांगितलेले आकडे ऐकून घेतले आणि माझ्याकडे पाठ करून बायकोकडे खुर्ची ओढली.

"काकू, जेवण सोडीसन काय काय खातस तुम्ही?"

"काहीच नही वं बाई. हाई माणूस पीठ मोजीसन देस. मी काय खासू?"

"बरं. सध्या गल्लीमा कुरडया चालू शेतस का?"

"शेतस ना. उन्हाया शे."

"मंग चीक?"

बायको हसली. "ते काय जेवण शे का? मीठ बराबर शे का नही, चाखीसन दखनं पडस!"

"किती चाखतस?"

बायकोने ओंजळ केली. मग माझ्याकडे पाहून ती थोडी लहान केली.

आमच्या कोरीट गावात उन्हाळ्यात रोज कुणाच्या तरी अंगणात कुरडया असतात. गल्लीतल्या बायका भल्या सकाळी मदतीला जातात. भिजवून वाटलेल्या गव्हाचा गाळलेला चीक चुलीवर शिजतो. साच्यात घालण्याआधी तो गरम गरम, वर तेल सोडून सगळ्यांना वाटतात. नाही म्हटले तर घरधनीण रुसते. घरी येऊन बायको माझी तोललेली भाकरी खायची, ती वेगळी. चीक कुणीच जेवणात धरत नव्हते. मीही नाही.

"पण गहूच ना तो?" मी विचारले. "पोळीनं इतकी वाढत नाही."

"पोळीत कोंडा असतो, काका. चिकातून तो गाळून टाकतात. उरतं ते नुसतं पिठूळ सत्त्व, तेही शिजून मऊ झालेलं. त्याची साखर व्हायला कितीसा वेळ लागणार?"

हे मला पटले. आता बंदी येणार म्हणून बायको पदराशी चाळा करत बसली होती. पण बाई म्हणाल्या, "जा ना काकू. फक्त लहान वाटीभर. आधी मटकीनी उसळ खावानी, आणि त्या दिन सकायनी भाकर नही. गोळ्यांचं मात्र डॉक्टर सांगतील तसंच."

दुसऱ्या दिवशी तिच्या जाऊबाईंच्या अंगणात कुरडया होत्या. बायको उसळ खाऊन, घरची वाटी घेऊन निघाली. जाऊबाईंचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत आला.

"काय वं, आते आमनं भांडं बी चालत नही का तुले?"

"चालस ना! पण तुन्हा हात मोठा शे."

सगळ्या बायका हसल्या. मी घड्याळाकडे पाहत बसलो होतो. दोन तासांनी एकशे बहात्तर आले. खात्री होईना, म्हणून पुढच्या कुरडयांच्या दिवशी पुन्हा मोजले. आकडा त्याच्याच आसपास. उन्हाळाभर दोनशेच्या वर तो फारसा गेला नाही.

कुरडया उरकत आल्या तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवे रिपोर्ट पाहिले आणि पुढच्या गुरुवारची तारीख दिली. मी पथ्यपाणी विचारत होतो, तेवढ्यात बायकोने मध्येच विचारले, "साहेब, चुलीजोडे कधी बसू?"

"महिनाभर धूर नको."

तिने बोटांवर हिशेब केला. अजून दोन घरच्या कुरडया बाकी होत्या.

"ऱ्हाऊ द्या," ती मला म्हणाली. "पहिले डोया."