युरियाच्या गोणीतली माती

मुलांनो, आज कुंडीतल्या ओल्या मातीचा वास आला आणि जळगावच्या विद्यापीठातली माझी प्रयोगशाळा आठवली. जामनेरचे एक व्यापारी होते, त्यांना सगळे आबा म्हणत; त्यांनी तिला मातीपरीक्षणाचं यंत्र देणगी दिलं होतं. उद्घाटनालाच नाना नावाचे एक शेतकरी माती घेऊन आले.

"ताई, बठ्ठी केळी पिवळी पडी ऱ्हायनी."

सगळी केळीची बाग पिवळी पडतेय म्हणून आणलेली ती माती युरियाच्या रिकाम्या गोणीत होती.

"नाना, यात खत मिसळलंय. तपासणी चुकेल. चुकीचं खत पडून बाग हातची जाईल."

फीत कापायला उभ्या असलेल्या आबांनी कात्री माझ्या हातात दिली. "फीत काय पळून जाते का? नाना, बसा जीपमध्ये. नवी माती आणू."

पाहुणे कंटाळून गेले. तेव्हा मला ओशाळं वाटलं होतं. पुढे बाग सावरली. आता पाहुणे आठवत नाहीत. संध्याकाळी नवी माती घेऊन आम्ही तिघं फितीखालून वाकून आत शिरलो, तेवढं आठवतं.